सूत तिचं, माग त्याचा

रत्नागिरीतल्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत दाराच्या उजव्या अंगाला एक लाकडी खुंटी होती. मृग लागायच्या आधी तिच्यावर घोंगडी यायची आणि नवरात्र आटोपलं की उतरायची. शेजारी भिंतीला इरलं टेकवलेलं असायचं. लावणीला वाकायचं असेल तर इरलं बरं, गुरांमागे किंवा लांबच्या वाटेला जायचं असेल तर घोंगडी बरी, अशी वाटणी होती. आजोबा घोंगडीच्या एका टोकाचा कोपरा आत दुमडून तिची खोळ करत आणि ती डोक्यावर घेत. कपाळापासून पोटऱ्यांपर्यंत पाठ झाकली जाई, दोन्ही हात मोकळे राहत. आडव्या तिडव्या वाऱ्याच्या पावसात छत्री उलटी होते, घोंगडी होत नाही. संध्याकाळी ते परत आले की घरभर एक ओला, उग्र वास पसरायचा. मला तो वास पावसाचाच वाटायचा. तो मेंढीचा वास आहे हे फार उशिरा कळलं, कारण रत्नागिरीत वाढलेल्या मुलीने मेंढी पाहिलेलीच नव्हती.

आतल्या खोलीत लोकरीचं आणखी एक वस्त्र होतं, आजीची धाबळी. कोकणातल्या पावसात धुतलेलं लुगडं चार-चार दिवस वाळत नाही, मग सोवळ्यात नेसायचं काय? लोकर सोवळ्याला चालते, तिला विटाळ लागत नाही, असं शास्त्र आजीच्या तोंडी असे. शास्त्र काहीही असो, त्या दमट घरात आजीची अडचण धाबळीने भागवली. म्हणजे गुराख्याच्या पाठीवर लोकर होती आणि देवघरातही लोकरच होती. ही लोकर येते कुठून, असं मी विचारलं की एकच शब्द कानावर येई, "घाटावरून." त्या एका शब्दापलीकडे कुणी जात नसे. हे पुस्तक त्या शब्दाच्या मागे गेल्यामुळे झालं.

कोकणात मेंढी का नाही, याचं उत्तर पावसातच आहे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मेंढीची लोकर महिनोन्‌महिने भिजत राहिली, तिचे खूर चिखलात राहिले, तर खूर सडतात, पोटात जंत होतात आणि कळप बसतो. आपल्या सह्याद्रीच्या उतारावर धनगरवाडे पुष्कळ आहेत, पण ते गवळी धनगरांचे आहेत. त्यांच्याकडे म्हशी आणि गाई असतात. मेंढरं घेऊन फिरणारे धनगर कोकणात दिसतात ते पाहुणे म्हणून. दिवाळीनंतर देशावरून घाट उतरायचा, कापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत द्यायचं, बदल्यात धान्य किंवा पैसा घ्यायचा आणि पावसाची चाहूल लागायच्या आत परत घाट चढायचा, असा तो परिपाठ. लोकरीचा मुलूख सह्याद्रीच्या पलीकडे आहे. पाऊस घाटमाथ्यावर रिता झाला की पुढे माणदेश, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यात जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तेवढ्यावर जे खुरटं गवत उगवतं ते फक्त मेंढीच वेचून खाऊ शकते. जिथे पाऊस नाही तिथे पावसाचं वस्त्र विणलं जातं आणि ते पांघरलं जातं आमच्याकडे.

रत्नागिरी-नागपूर महामार्ग आज हा सगळा प्रवास एका दिवसात घडवतो. आंबा घाट चढलं की कोल्हापूर, मग मिरज, मग सांगोला. खिडकीतून बाहेर बघत बसलं तर आधी फणस जातो, मग ऊस लागतो, मग ऊसही संपतो आणि बाभळी सुरू होतात. बाभळी सुरू झाल्या की मेंढरं दिसायला लागतात. पूर्वी लोकरीचा माल आंबा आणि कुंभार्ली घाटाने बैलांच्या पाठीवर खाली यायचा.

या मुलखाची ओळख बहुतेक मराठी वाचकांना व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'मुळे आहे. १९५५ साली आलेली ती कादंबरी वाचताना धनगराच्या खांद्यावरची घोंगडी डोळ्यांपुढून हलत नाही. पण घोंगडी फक्त खांद्यावरच राहिलेली नाही. खंडोबाच्या जागरणात चौक भरतात तो घोंगडीवर. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते तेव्हा भंडाऱ्याबरोबर, खारीक-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. देवावर धान्य किंवा फुलं उधळणारे खूप आहेत, पण ज्याच्यावर आपलं पोट आहे तीच वस्तू मूठभर घेऊन आभाळात फेकायची, हे मी तिथेच पाहिलं. कर्मवीर भाऊराव पाटील त्याच तालुक्यातल्या कुंभोजचे. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि खांद्यावर घोंगडी टाकून ते गावोगाव फिरले. त्यांना खेड्यातल्या माणसाने आपलं मानलं याची कारणं अनेक असतील. माझी खात्री आहे की खांद्यावरची ती घोंगडी त्यातलं एक होती.

शब्दाचंही सांगायला हवं. आपण घोंगडी म्हणतो, तेलंगणातले कुरुमा लोक गोंगडी म्हणतात. कर्नाटकात कुरुब तिला कंबळी म्हणतात आणि चळ्ळकेरेचा कंबळीबाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडचा कांबळा, कांबळं त्याच घराण्यातला. मेंढरांची वाट जिथवर गेली तिथवर शब्द गेले. राज्यांच्या सीमा त्यानंतर आल्या.

आता ज्या घराभोवती हे पुस्तक उभं आहे त्या घराकडे वळते. ते माणदेशात आहे. नवरा-बायको दोघंच काम करतात आणि दोघांनीही नाव छापायचं नाही असं सांगितलं, म्हणून छापलेलं नाही. त्यांचं दुकान म्हणजे घराचा सोपाच. उजव्या हाताला जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून तो बसतो, समोर माग. डाव्या हाताला भिंतीला टेकून ती बसते, पुढ्यात चरखा. मधल्या आडव्या बांबूवर तयार घोंगड्या घडी घालून टाकलेल्या. गिऱ्हाईक आलं की तो मागावरून उठत नाही, तीच उठते, घोंगडी झटकून पसरते, भाव सांगते, आणि गिऱ्हाईक गेलं की परत चरख्यावर बसते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वही उघडून मागाकडे तोंड करून बसले. घोंगडी विणणाऱ्याला भेटायला आले होते ना. तासाभराने तोच म्हणाला, "ताई, माझ्याकडं काय बगताय? सूत हाय तर माग हाय. तिच्याकडं बसा."

मी जागा बदलली. या पुस्तकाला वळण लागलं ते तिथे.

लोकर तिच्याकडे येते ती गाठोड्याने, कातरून आणलेली, मळलेली, काट्याकुसळांनी भरलेली. दख्खनी मेंढीची कातरणी वर्षातून दोनदा होते आणि वर्षाकाठी एका मेंढीपासून अर्धा-पाऊण किलोच्या वर लोकर मिळत नाही. त्यातून माती, कुसळं, मेण गेलं की आणखी घटते. एका घोंगडीला दहा-बारा मेंढ्यांची एका वेळची लोकर तरी लागतेच. आधी ती रंग वेगळे करते. काळा, करडा, पांढरा. रंगवणं नाही, मेंढीने जो रंग दिला तोच. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, ती वेगळ्या फडक्यात बांधून ठेवते. जावळाची घोंगडी मऊ असते आणि ती कुणासाठीही करत नाहीत, सांगून ठेवलेल्यासाठीच करतात. मग पिंजायचं, पिंजून पेळू करायचे, आणि पेळूपासून सूत.

तिचं कातणं मी जवळून पाहिलं. उजव्या हाताने चाक फिरतं, डाव्या हातात पेळू. पेळूचं टोक चातीला लागलं की ती हात मागे नेते, खांद्याच्या पातळीपर्यंत, आणि त्या प्रवासात लोकरीचा धागा होतो. मग क्षणभर हात थांबतो. धाग्याला पीळ किती बसला ते ती अंगठा आणि तर्जनी यांच्यात जोखते, नंतर चाक किंचित उलटं फिरवून तो चातीवर गुंडाळते. ताण्याच्या सुताला पीळ जास्त लागतो, कारण उभे धागे मागावर ताणून राहतात. बाण्याचं सूत थोडं सैल ठेवायचं, म्हणजे घोंगडी भरते आणि ऊब धरते. पीळ मोजायला तिच्याकडे कसलंही यंत्र नाही. ती म्हणाली, "बोटाला कळतंय. बोटाला न्हाय कळलं तर मागाला कळतंय, मग ह्ये वराडत्यात." मागावरून तो हसला. ताण्यात सूत तुटलं की गाठ मारावी लागते आणि दिवसाला पाच-पंचवीस गाठी झाल्या की विणणाऱ्याचा दिवस वाया जातो.

घोंगडी मागावरून दोन-अडीच दिवसांत उतरते. तिचं सूत तयार व्हायला या बाईचे दहा-बारा दिवस जातात, तेही स्वयंपाक, पाणी, शेरडं आणि गिऱ्हाईक सांभाळून. हा हिशोब मी पुन्हा पुन्हा विचारून पक्का केला, कारण ऐकताना तो उलटा वाटत होता. आणि तरीही 'घोंगडी कुणी केली' असं विचारलं तर सगळं गाव त्याचं नाव घेतं. आपल्या भाषेचंही तसंच आहे. विणणाऱ्याला विणकर म्हणतो, साळी म्हणतो, कोष्टी म्हणतो. लोकर विणणाऱ्यांना सणगर म्हणतो, धनगरांत खुटेकर म्हणतो. कातणाऱ्या बाईसाठी मराठीत धंद्याचं नाव नाही. कातकरी हा शब्द आहे, पण तो कोकणातल्या ज्या लोकांचा आहे त्यांना तो खैराच्या कातामुळे मिळाला, सुताशी त्याचा काही संबंध नाही. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि कापसाचं सूत कातणं ही देशसेवा झाली. कातणाऱ्या हाताला मान मिळाला, मजुरी मिळाली, त्याची गाणी झाली. माणदेशातल्या बायका तेव्हाही भिंतीला टेकून लोकर कातत होत्या आणि ते घरकामातच धरलं गेलं. झाडलोट, दळण, कातण. या गोष्टीचा मला राग आहे आणि तो या पुस्तकात ठिकठिकाणी दिसेल.

ताणा मागावर चढायच्या आधी त्याला खळ लावतात. चिंचोके भाजून, भिजवून, साल काढून वाटायचे आणि शिजवून त्याची लापशी करायची. अंगणात ताणा लांबच लांब पसरून दोघं दोन टोकांनी खळ लावत येतात, ब्रशने दाबून, एक धागा दुसऱ्याला चिकटू न देता. उन्हात तो वाळतो आणि तारेसारखा ताठ होतो. ही एकच पायरी अशी आहे की जी एकट्याने होत नाही. दोघांत भांडण असलं तरी खळीच्या दिवशी बोलावंच लागतं, असं ती म्हणाली तेव्हा तो चक्क लाजला. मागावरून उतरलेली घोंगडी पाण्यात बुडवून पायांनी तुडवतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. पाणी, ऊब आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात, वीण आटते, घट्ट होते आणि मग पावसाचा थेंब आत शिरायला वाट राहत नाही. शिवाय धुऊनही लोकरीत थोडा मेणचटपणा उरतोच. आणि पाणी आत गेलंच तरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते आणि वरून कोरडी लागते, ओल घेताना थोडी ऊबही सोडते. आजोबा भिजून आले तरी कुडकुडत का नसत, याचं उत्तर मला शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला मिळालं नव्हतं, ते या अंगणात मिळालं. अर्थात एकदा पूर्ण भिजलेली घोंगडी जड होते आणि लवकर वाळत नाही. न संपणाऱ्या कामाला भिजत घोंगडं का म्हणतात, हे आषाढात ती वाळवून बघणाऱ्याला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या खेपेला मी पडवीतली आमची घोंगडी बरोबर नेली होती. तिची दशा सांगायला मला लाज वाटते. आजोबा गेल्यावर घरात गॅस आला, चूल गेली. पूर्वी ओली घोंगडी चुलीच्या वर बांधलेल्या बांबूवर पडायची, धूर खायची, रोज हाताळली जायची. मी ती जपायची म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली आणि ट्रंक माळ्यावर टाकली. नऊ वर्षांनी उघडली तेव्हा कसर लागून तिला ठिकठिकाणी भोकं पडली होती. मी जपली म्हणून ती गेली.

त्या बाईने ती सोप्यात पसरली. भोकांकडे तिने पाहिलंही नाही. गुडघे टेकून तिने एका टोकापासून हात फिरवायला सुरुवात केली, जसा आपण तांदळावरून फिरवतो. हातभर अंतरावर थांबली, दोन बोटांत बाणा पकडून उसवून पाहिला. पुन्हा पुढे गेली, पुन्हा थांबली. मग म्हणाली, "ह्यात दोघींचं सूत हाय." मला कळेना. तिने माझं बोट धरून तिथे टेकवलं. एका पट्ट्यात धागा सारखा, सपाट. पुढच्या चार बोटांच्या पट्ट्यात तो मध्येच जाड, मध्येच बारीक, कुठे पीळ जास्त, कुठे सुटलेला. पुन्हा सारखा. "ही शिकणारी हाय. पोरगी असंल न्हायतर नवी सून. सासूनं तिचं सूत टाकून न्हाय दिलं, मदी मदी घातलंय. कडंला न्हाय घातलं, बगा. मदीच घातलंय."

ही घोंगडी माझ्या जन्माआधीपासून आमच्या घरात होती. मी तिच्यावर झोपले, तिच्यात गुंडाळून घेतलं, तिचा वास मला तोंडपाठ होता. तिच्यात एक मुलगी कातायला शिकत होती हे मला माहीत नव्हतं. आजोबांना तरी माहीत असेल का? त्यांनी घाटावरून ती आणली, मोल दिलं आणि खुंटीला लावली.

आता या धंद्याच्या आजच्या अवस्थेबद्दल. ती चांगली नाही आणि मी ती सजवून सांगणार नाही. दख्खनी लोकर जाडीभरडी असते. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण वीस मायक्रॉनच्या आसपास, दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड. मऊ स्वेटरच्या बाजारात तिला जागा नाही. स्वस्त ब्लँकेट पानिपतहून येतं, जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पुन्हा पिंजून केलेलं, आणि त्याच्या किमतीला हातकताईची घोंगडी पुरी पडणं शक्यच नाही. मेंढपाळाला आता पैसा मिळतो तो मटणाचा. म्हणून माडग्याळसारख्या, लवकर वजन धरणाऱ्या आणि अंगावर नावापुरतीच लोकर असणाऱ्या मेंढ्यांकडे तो वळतो. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त होते, तेव्हा लोकर कातरून तिथेच माळावर टाकून दिली जाते. काळी लोकर बाभळीखाली ढिगाने पडलेली मी पाहिली आहे.

संस्था नाहीत असं नाही. राजस्थानात अविकानगरला मेंढी आणि लोकर संशोधनाची केंद्रीय संस्था १९६२पासून आहे. पुण्यात अहिल्यादेवींच्या नावाचं मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतला जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' हा वाण तयार केला, आणि ते खरोखर मोठं काम आहे. मेंढपाळाच्या हातात त्यामुळे एकाऐवजी दोन कोकरं येतात. पण लोकरीचा प्रश्न कोकरांच्या संख्येने सुटणारा नाही. मागाला अनुदान मिळतं, मेळ्यात विणकराला गाळा मिळतो. चरख्यावर बसलेल्या बाईच्या दहा-बारा दिवसांचं काय, हा प्रश्न मी ज्या ज्या बैठकीत विचारला तिथे थोडा वेळ शांतता झाली आणि मग चर्चा डिझाइनकडे गेली. डिझाइन हवं, बाजार हवा, घोंगडीच्या पिशव्या आणि चपलाही होऊ देत. पण गिरणीचं सूत आणून मागावर चढवलं की जे उतरतं ते दुसरं काही असतं. त्यात पाऊस थांबवण्याची ताकद नसते. खड्डामाग बंद पडल्याची बातमी येते तेव्हा बहुतेक ठिकाणी चरखा चार-सहा वर्षं आधीच बंद पडलेला असतो, कारण सासू गेली आणि सुनेने तिची जागा घेतली नाही. सुनेला मी दोष देत नाही. ज्या कामाला नाव नाही आणि मजुरी नाही, ते तिने का उचलावं?

या जोडप्याने आपल्यापुरतं उत्तर काढलं आहे. सोप्यातल्या वहीत घोंगडीच्या किमतीचे ते दोन भाग मांडतात, कातणावळ वेगळी, विणणावळ वेगळी, आणि कातणावळ मोठी आहे. गिऱ्हाईकाने घासाघीस केली तर तो वही पुढे करतो. ही वही त्यांनी मला पानन्‌पान पाहू दिली आणि या पुस्तकाची प्रकरणं मी तिच्याच क्रमाने लावली आहेत. आधी लोकर, मग कातण, मग खळ, मग माग. मागाचं प्रकरण सगळ्यांत लहान झालं आहे. विणकामाचे तपशील शोधणाऱ्या वाचकाला ते कमी वाटेल, पण तिथे जे लिहायचं होतं ते कातणाच्या प्रकरणात आधीच येऊन गेलेलं असतं, हे वाचताना लक्षात येईल.

आमच्या घोंगडीची भोकं तिने बुजवून दिली. रफू करायला चार दिवस लागले आणि त्यासाठी तिने नवं सूत कातलं. रंग जुळेना. साठ-सत्तर वर्षांच्या उन्हापावसाने आमची घोंगडी तपकिरीकडे झुकली होती, तिचं सूत ताजं काळं. मी म्हटलं, असू दे. ती म्हणाली, "असूच द्या. तिसरीचं हाय म्हणून कळंल कुणाला तरी."

घोंगडी आता पुन्हा पडवीत खुंटीला आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ती खोळ करून डोक्यावर घेतली आणि अंगणाच्या गडग्यापर्यंत जाऊन आले. पाऊस जोराचा होता. पाठ कोरडी राहिली, वास तोच आला. नव्या सुताच्या जागी बोट लावलं तर ते अजून थोडं खरखरतं.